दोनशे तीनचा पाट

सत्यनारायण काही माझा देव नाही. मी वसईच्या सांडोरची, ख्रिस्ती. रविवारची मिस्सा चुकली तर माझी आई अजून फोनवर शिव्या घालते. तरी त्या सत्यनारायणाच्या पूजेवरून माझं डोकं जेवढं फिरलं, तेवढं सासूच्या हाताखाली पाच वर्षं काढून फिरलं नव्हतं. आणि फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. वर कुणी विचारतं, "लूर्डस, तुझा देव नाही, तुझी जात नाही, तुला काय एवढं?" मग तर आणखीच फिरतं.

गोष्ट माझ्या समोरच्या दाराची आहे. वसई पूर्वेला, सातिवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची चार मजली इमारत. लिफ्ट नाही, पाणी दिवसाआड. मी दोनशे चारमध्ये राहते, माझा नवरा वॉल्टर सातिवलीच्या एका खोके बनवायच्या कारखान्यात सुपरवायझर. समोर दोनशे तीनमध्ये हरेश्वर कोळथरकर, त्यांची बायको जयवंती आणि शाळेत जाणारी मुलगी पिंकी. हरेश्वरभाऊ मुंबईला टपाल खात्यात. माणूस इतका हळू बोलणारा की दुधवाल्याला हाक मारली तर दुधवाला दोन मजले खाली पोचलेला असायचा.

जयवंती मात्र तशी नव्हती. अंगाने काडी, रंगाने माझ्यासारखीच सावळी, हसताना तोंडावर पदर धरायची आणि त्या पदराआडून असं काही बोलायची की समोरच्याची बोलती बंद. दापोलीकडची. स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिचं शिलाई मशीन होतं. आमच्या इमारतीत एक साडी अशी नव्हती जिला जयवंतीच्या हातचा फॉल नव्हता. दुपारी मी शेंगा सोलायला घेऊन तिच्याकडे जाऊन बसायची, ती फॉल लावायची, आणि आम्ही दोघी मिळून अख्ख्या इमारतीचं पोस्टमॉर्टेम करायचो.

आता पूजेचं सांगते. दर सव्वीस जानेवारीला आमच्याकडे सकाळी झेंडा, मग खाली मांडवात सोसायटीचा सत्यनारायण, मग मुलांची भाषणं आणि जेवण. झेंडा बांधायचं काम हरेश्वरभाऊंचं. ऑफिसात शिकले होते. आत फुलांच्या पाकळ्या ठेवून अशी घडी घालायचे की दोरी ओढली की फसकन उघडायचा. आणि पूजेला दर वर्षी एक जोडपं बसायचं, फ्लॅटच्या नंबराप्रमाणे. एकशे एकपासून सुरू झालं ते ओळीने चाललं होतं. माझ्या घरावरून नंबर उडी मारून तीनशे एकवर जाणार हे ठरलेलंच होतं, त्याला माझी काय हरकत! उलट मांडवाला लागणारे केळीचे खुंट दर वर्षी माझ्या माहेरच्या वाडीतून यायचे. माझा भाऊ टेम्पोत घालून आणून टाकायचा. आई कुरकुरायची, "त्यांच्या देवाला आपली केळ?" मी म्हणायची, केळीला कुठे बाप्तिस्मा दिलायस?

पूजेला बसणारीची साडी फॉल लावायला जयवंतीकडेच यायची. दर वर्षी. एकदा अशीच कुणाची तरी जांभळी साडी मांडीवर घेऊन ती म्हणाली, "लूर्डसताई, आमची लग्नानंतरची पूजा राहिली ती राहिलीच."

आमच्यात असं काही नसतं म्हणून मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाली, लग्न झालं की नवराबायकोने गाठ बांधून सत्यनारायणाला बसायचं असतं. तिच्या सासऱ्यांनी गावच्या भटजींना सांगितलं होतं. भटजी म्हणाले, तुमच्या वाडीत मी येणार नाही. पोथी वाचायची दक्षिणा माझ्या पडवीत आणून द्या, तुमच्या नावाने मी इथेच करतो. सासरे परत आले. पूजेसाठी आणलेल्या रव्याचा सांजा करून सगळ्यांनी खाल्ला.

"गोड होता का?" मी विचारलं. मला असल्या वेळी काहीतरी वेडंवाकडंच सुचतं.

"मीठ जास्त झालेलं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. पण मग म्हणाली, "आता इथे आमचा नंबर आला की बसणार. मी दिवस मोजतेय."

तो नंबर आला दोन हजार दोनच्या सव्वीस जानेवारीला. आदल्या वर्षी गणपतीतच सेक्रेटरी परुळेकरांनी स्वतः जाहीर केलं होतं, "पुढची पूजा दोनशे तीन, कोळथरकर!" टाळ्यासुद्धा झाल्या. जयवंतीने दादरला जाऊन साडी आणली. मोतिया रंग, हिरवे काठ. स्वतःच्या साडीला फॉल लावताना तिने तीनदा टाके उसवले. म्हणे सरळ येत नाहीत. दुसऱ्याच्या साडीला झोपेत लावायची बाई ही!

आणि दिवाळीनंतर तिचे सासरे आले, डोळ्याचं ऑपरेशन करायला. कृष्णा आबा. मोतीबिंदू काढला, डोळ्याला हिरवी पट्टी, आणि डॉक्टरांनी सांगितलं महिनाभर नुसतं बसा. आता जन्मभर ज्याचे हात चालले त्याला नुसतं बसा म्हणजे शिक्षाच. आबा जिन्याच्या वळणावर उन्हाला स्टूल टाकून बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, पायांकडे बघायचे. मला म्हणाले, "बाय, तुजी टाच एका बाजूनं झिजलीय. उजव्या पायावर जोर देतेस तू." वॉल्टरच्या लक्षात नाही आलं इतक्या वर्षांत!

एके दिवशी परुळेकरवहिनींची चप्पल जिन्यातच तुटली. कातडी, तपकिरी, चांगली महागाची. अंगठ्याचा पट्टा तळापासून सुटला. वहिनी एक पाय उचलून कठड्याला धरून उभ्या. आबा म्हणाले, "द्या हिकडं." आणि घरातल्या ट्रंकेतून आपली टोचायची आरी, कातडं कापायची रापी आणि मेण लावलेला दोरा काढून बसले. दोरा ओवायला पट्टीमुळे दिसेना, तर जयवंती पुढे झाली, तिने पटकन ओवून दिला. सुई नव्हे, आरी; पण तिच्या हाताला ती नवी नव्हती हे मला तेव्हाच कळलं. आबांनी पांढऱ्या दोऱ्याने अशी पक्की शिवण घातली की वहिनी खुश. "अहो काय सुरेख! वरती अजून एक जोड आहे." मग काय, बातमी पसरली. दोन दिवस जिन्यात चपला-बुटांची रांग. आबा एका डोळ्याने शिवतायत आणि चेहऱ्यावर असा आनंद की ऑपरेशन आजच झालंय नि आजच दिसायला लागलंय.

आणि तिसऱ्या दिवशी इमारतीला दिसायला लागलं. कोळथरकर म्हणजे कोळथरचे, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. आडनावावरून कुणाला काही कळलं नव्हतं. ते चपलेवरून कळलं.

कुणी काही बोललं नाही हं. आमच्याकडे सगळे शिकलेले. साड्या फॉलला येतच राहिल्या. चपला मात्र सगळ्या शिवून झाल्यावर यायच्या थांबल्या. गरज सरो, वैद्य मरो. आणि डिसेंबरात एका संध्याकाळी परुळेकर दोनशे तीनमध्ये चहाला आले. चहा घेतला नाही, ॲसिडिटी. म्हणाले, "हरेश्वर, वडील आजारी, तुझी धावपळ. यंदाची पूजा तीनशे एकला देऊ या का? त्यांचा नवस आहे. तुमचं पुढे बघू."

हरेश्वरभाऊ म्हणाले, "वडील आता बरे आहेत."

"तरी पण," परुळेकर म्हणाले. बास. तरी पण!

मी घरात भाजी चिरत होते. दार उघडं असल्यामुळे सगळं ऐकू आलं. सुरी तशीच हातात घेऊन मी बाहेर आले, म्हणजे काही मारायला नाही, ध्यानातच नाही राहिलं. "परुळेकर, तीनशे एकचा नवस गणपतीनंतर झाला का? तेव्हा तर टाळ्या वाजवल्या होत्या."

"लूर्डसबाई, हा आमचा विषय आहे."

"मग खुंट पण तुमचेच आणा. माझ्या वाडीतलं एक पान मिळणार नाही."

"देशात केळी काय फक्त सांडोरला होतात?" परुळेकर म्हणाले आणि गेले. माझा पहिला सत्याग्रह तिथेच आटोपला. बाजारात खुंट ढिगाने पडलेले असतात हे मी विसरलेच होते.

पुढच्या आठवड्यात कारण बदललं. आता म्हणे गुरुजींची अडचण आहे, ते जुन्या वळणाचे, आम्हाला काही नाही हो, पण त्यांना कसं सांगणार! मला हे खरं वाटलं असतं. पण जयवंती म्हणाली, "विचारून तरी बघू." गुरुजी स्टेशनजवळच राहायचे. आम्ही दोघी गेलो. तरुण माणूस, बनियनवर बसून क्रिकेट बघत होता. म्हणाला, "मला कुणी काही विचारलेलंच नाही. मी तर कुठेही जातो, ज्याचं नाव सांगाल त्याचा संकल्प सोडतो. मॅडम, माझं घर त्यावर चालतं." म्हणजे ज्याच्या नावाने साप साप म्हणून भुई थोपटत होते तो बिचारा दोरीसुद्धा नव्हता.

परतताना जयवंती झपाझप पुढे चालत होती. जिन्यात मात्र थांबली. म्हणाली, "गावचा भटजी बरा होता हो. तोंडावर नाही म्हणाला."

मग हरेश्वरभाऊंनी सभा मागितली. रविवारी गच्चीवर.

परुळेकर पहिलंच वाक्य बोलले, "जात कुणी काढली? आम्ही काढली का? तुम्हीच काढताय."

हरेश्वरभाऊ उभे राहिले. "मी पण काढली नाही. मला नंबर द्या एवढंच म्हणतोय."

मग निमकर सर उठले. तिसऱ्या मजल्यावरचे, निवृत्त शिक्षक, दिवसाला तीन पेपर वाचणारे. माणूस वाईट नाही, हेच तर दुखतं. त्या वर्षी आफ्रिकेत डर्बनला वंशभेदाविरुद्ध मोठी परिषद झाली होती आणि जात म्हणजे वंशभेदच का, यावर पेपरांत रकानेच्या रकाने येत होते. सरांना सगळं पाठ. म्हणाले, "हे बघा, आपल्याकडे प्रश्न होता, मी नाकारत नाही. पण किती पुढे आलो आपण ते बघा ना. माझ्या लहानपणी पाणवठे वेगळे होते. आज आपण एका जिन्याने चढतो, एका टाकीचं पाणी पितो. गोऱ्यांनी काळ्यांना छळलं तसलं इथे काही नाही, आपण कुणाच्या कातडीचा रंग बघत नाही. उरलंसुरलं हळूहळू जाईल. त्यासाठी जगापुढे आपलीच लक्तरं धुवायची आणि इमारतीत दुही माजवायची, हे काही बरं नाही."

"सर, रंग बघायची गरजच पडत नाही," मी म्हटलं. "चप्पल कोण शिवतं ते बघितलं की झालं."

"तुमच्यात नाही का हो?" परुळेकर माझ्यावर उलटले. "सगळे किरिस्ताव एकाच ताटात जेवता?"

खोटं कशाला सांगू? "आहे आमच्यात," मी म्हटलं. "माझ्या भावाचं लग्न पाचूबंदरच्या कोळ्याच्या मुलीशी ठरत होतं. ती पण किरिस्ताव, आम्ही पण किरिस्ताव. आईने जेवण टाकलं, लग्न मोडलं. मी आईशी वर्षभर बोलले नाही. माझ्या घरात घाण आहे म्हणून तुमच्या दारातल्या घाणीला काय अत्तराचा वास येतो?"

वॉल्टर माझा पदर ओढत होता, "बस खाली, आपल्याला इथेच राहायचंय." तेवढ्यात जयवंती उठली. तोंडावर पदर नव्हता.

"सर, एका जिन्याने चढायला देता म्हणालात. तो जिना आम्ही पण विकतच घेतलाय, तुम्ही नाही दिला. आणि हळूहळू म्हणजे किती ते सांगा. माझ्या सासऱ्यांना हळूहळू सांगितलं होतं, मला पण सांगताय, पिंकीला पण सांगणार का? मला एक तारीख द्या, मी गप बसते."

सरांनी चष्मा पुसला. तारीख काही मिळाली नाही. अध्यक्ष म्हणून त्यांनीच हात वर करायला सांगून मत घेतलं. आमच्या बाजूने चार हात, त्यातला एक वॉल्टरचा, तोही अर्धाच वर.

त्या रात्री हरेश्वरभाऊ म्हणाले, फ्लॅट विकून जाऊ. आबा कोपऱ्यात बसून आपल्याच हातांवर चापट्या मारत होते. "माज्याच हाताला खाज. कशाला हात लावला मी त्या चपलेला? सुखानं चालला व्हता तुमचा संसार." जयवंतीने त्यांचे हात धरले आणि म्हणाली, "मामंजी, हात नका मारू. हाताने काही चूक केलेली नाही." मग नवऱ्याला म्हणाली, "विकायचं नाही. बसायला देत नाहीत ना? उभं राहायला कुणाची परवानगी लागते?"

सव्वीस जानेवारीच्या सकाळी तिने मला हाक मारली. मोतिया साडी, हिरवे काठ, नथ, हातभर बांगड्या. अशी सुंदर दिसत होती की मला रडूच आलं. हरेश्वरभाऊ सोवळ्यात, अंगावर उपरणं. जयवंती म्हणाली, "गाठ नणंदेने बांधायची असते. मला नणंद नाही. लूर्डसताई, तुम्ही बांधा."

"माझ्या हातची चालेल का गं?"

"घ्या! आता तुम्ही पण सुरू केलंत?" ती हसली. मी तिचा पदर आणि त्यांचं उपरणं घेऊन गाठ मारली. कोळ्याच्या होडीची बांधतात तशी घट्ट.

दोघं तशीच खाली गेली. भाऊंनी नेहमीसारखा झेंडा बांधला, पाकळ्या घालून, गाठीमुळे जयवंती त्यांच्या मागे मागे दोन पावलं सरकत होती. झेंडा वर गेला, उघडला, पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत झालं. मग सगळे वळून मांडवात गेले. ही दोघं गेली नाहीत. झेंड्याच्या खांबाशेजारी, मांडवाकडे तोंड करून, गाठ बांधलेली, उभी राहिली. घोषणा नाही, फलक नाही. मांडवात तीनशे एकचं जोडपं पाटावर बसलं होतं, त्यांच्या समोर गुरुजींची पोथी, आणि पोथीवरून नजर वर गेली की थेट ही दोघं.

कुजबूज सुरू झाली. "आज राष्ट्रीय सण, आजच बरा मुहूर्त सापडला!" "झेंड्याखाली तमाशा, हा झेंड्याचा अपमान आहे." मी म्हटलं, अहो, झेंडा बांधलाय त्यांनीच, अपमान कसला? निमकर सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "मागणी मी समजू शकतो हो. पण मार्ग चुकला. एखादा अर्ज करायचा होता, सभा घ्यायची होती."

"सर, सभा झाली. तुम्हीच अध्यक्ष होता," मी म्हटलं.

"तशी नव्हे," सर म्हणाले. देवा सायबा! कशी मग?

पोथी झाली, आरती झाली. ऊन चढलं. मी पाणी नेऊन दिलं तर जयवंतीने घेतलं नाही, म्हणाली, पूजेला बसलेली माणसं मध्ये उठत नाहीत. मग मुलांची भाषणं. परुळेकरांची अनुष्का माइकसमोर आली. तिचा विषय, दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद. पहिल्या वर्गाचं तिकीट असून केवळ रंगामुळे एका भारतीय वकिलाला आगगाडीतून कसं खाली उतरवलं, आणि त्या थंडीत फलाटावर बसून अन्यायाविरुद्ध लढायचा निश्चय कसा झाला. पोरगी गुणी, आवाज खणखणीत. "तिकीट होतं, तरी जागा नाकारली!" असं ती म्हणाली तेव्हा सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला. परुळेकरांच्या डोळ्यांत पाणी. निमकर सर "वाहवा" म्हणाले. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते, एकाची तरी मान खांबाकडे वळेल. नाही वळली. टाळ्या वाजवणाऱ्यांत जयवंतीपण होती. तिचा हात हलला की उपरणं हलत होतं.

जेवणं उरकल्यावर दोघं वर आली. गाठ मला सुटेना, इतकी घट्ट बसली होती. आबांनी नखाने सोडवली.

मला वाटलं, आता काहीतरी हलेल. आणि हललंही, ऐका. एप्रिलच्या सर्वसाधारण सभेत परुळेकरांनी ठराव मांडला. यापुढे सोसायटीच्या पूजेला कुठलंच जोडपं बसणार नाही. गुरुजी स्वतःच सोसायटीतर्फे पूजा करतील. "म्हणजे कुणावर अन्याय नाही, कुणाची तक्रार नाही, सगळे समान!" एकमताने मंजूर. म्हणजे मी नको म्हणून ओरडत होते ते इतिवृत्तात आलं नाही. निमकर सरांनी मुद्दाम उठून अभिनंदन केलं, "हीच खरी प्रगती. काळाची पावलं ओळखली आपण." वर हरेश्वरभाऊंकडे वळून, "तुमच्या त्या उभं राहण्याचा हा विजयच म्हणायचा."

भाऊ म्हणाले, "एकशे एकपासून सगळे बसले. आमचा नंबर आला तेव्हा पाटच उचलला."

"असं नकारात्मक बघू नका," सर म्हणाले.

मी घरी येऊन दोन पेले फोडले. काचेचे. वॉल्टरने निमूट केर भरला.

पावसाळ्याआधी आबा गावी गेले. जाताना आपली हत्यारं जयवंतीकडे ठेवून गेले. म्हणाले, आता नजर पुरत नाही.

पुढच्या सव्वीस जानेवारीला पुन्हा मांडव. झेंडा भाऊंनीच बांधला. ते म्हणाले, झेंड्याशी माझं भांडण नाही. मांडववाल्या पोऱ्यांना ठराव कुठला ठाऊक, त्यांनी सवयीने चौरंगासमोर दोन पाट मांडले होते, रांगोळी घालून. गुरुजी बाजूच्या सतरंजीवर बसून एकटेच पोथी वाचून मोकळे झाले. पाट रिकामे.

मी आणि जयवंती खाली दोरीवरचे कपडे काढायला आलो होतो. ती घरातल्या मॅक्सीवर, खांद्यावर टॉवेल. मांडवाबाहेर चपलांचा ढीग. परुळेकरवहिनी हातात शिऱ्याचा द्रोण घेऊन बाहेर आल्या आणि ढिगातून आपल्या चपला शोधून पायात घातल्या. त्याच, तपकिरी. उजव्या पायाच्या अंगठ्याला आबांची पांढरी शिवण जशीच्या तशी.

"जयवंती, हा घे प्रसाद," वहिनी म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या हं, खोटं नाही सांगणार. "झालं गेलं मनात ठेवू नका गं आता. आणि हो, आबा परत कधी येणार? बघ ना, डाव्या पायाची पण सैल झालीय. बाहेर दिली तर धड शिवत नाहीत मेले. आबांच्या हाताची सर नाही कुणाला."

माझ्या ओठांवर शिवी आली होती. पण जयवंतीने टॉवेल माझ्याकडे दिला आणि वहिनींसमोर हात पुढे केला.

"आबा आता येणार नाहीत, वहिनी. पण त्यांची आरी माझ्याकडे आहे आणि शिवायला मी बापाच्या घरीच शिकलेय. द्या, आत्ता शिवून देते."

"अय्या, खरंच?" म्हणत वहिनींनी चप्पल काढली आणि तिच्या हातात दिली.

"फक्त खाली बसायला लागेल," जयवंती म्हणाली आणि मांडवाकडे बोट केलं. "तो पाट रिकामाच आहे. तिथे बसून शिवते."

वहिनी हसल्या. मग जयवंती हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मांडवात पाहिलं, चौरंगाकडे, पाटाकडे, आतल्या माणसांकडे. शेवटी जयवंतीच्या हातातली चप्पल त्यांनी हळूच परत घेतली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चालतेय अजून."

आणि सैल चप्पल फटफट वाजवत त्या जिना चढून गेल्या. शिऱ्याचा द्रोण तिथेच कट्ट्यावर राहिला. जयवंतीने माझ्याकडून टॉवेल घेतला, उरलेले चिमटे काढले आणि म्हणाली, "चला लूर्डसताई, कपडे वाळलेत."